दोतोर्नीच्या पुस्तकात प्रश्न होते, शंका नव्हत्या : कॅथलिक विचारपरंपरेतील श्रद्धा आणि बुद्धी

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

खानापूर तालुक्याच्या पूर्व अंगाला, मलप्रभेपासून फार लांब नसलेल्या एका गावात माझे बालपण गेले. घरात कोंकणी आणि मराठी एकमेकींत मिसळलेल्या, शाळा मराठी, तालुक्याची कागदपत्रे कानडी आणि देवळातील, म्हणजे आमच्या चर्चमधील, प्रार्थना जे फादर बदलून येतील त्यांना जी भाषा येत असेल तीत, अशी आमची तऱ्हा होती. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, आटोपली की मुलांना मागच्या पडवीत ओळीने बसवून दोतोर्न घेतली जाई. दोतोर्न म्हणजे धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे. शिकवणाऱ्याने प्रश्न विचारायचा आणि उत्तर सगळ्यांनी एका सुरात म्हणायचे. पावसाळ्यात कौलांवरच्या पावसाचा आवाज मोठा की आमचा, अशी जणू पैज लागे.

अकरा-बारा वर्षांचा असताना मी एकदा मध्येच हात वर केला आणि विचारले की, देवाला आपली गरज आधीच ठाऊक असते आणि त्याचे मन कधी बदलत नाही असे आपण आत्ताच म्हटले, तर मग पावसासाठी प्रार्थना कशाला करायची? मला कान धरून तास संपेपर्यंत उभे केले गेले. शिकवणारे गृहस्थ मनाने भले होते. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या हातावर पेपरमिंटच्या दोन गोळ्या ठेवल्या. उत्तर मात्र दिले नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही.

आता मुलगी बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात जेवताना तिने नेमका हाच प्रश्न मला विचारला. मी तिला कान धरायला सांगितले नाही, एवढीच दोन पिढ्यांतली प्रगती. उत्तर माझ्याकडेही नव्हते. म्हणून एका स्नेह्यांकडून थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) या डोमिनिकन पंडिताच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’चा इंग्रजी अनुवादातील एक खंड आणला. प्रार्थनेच्या प्रकरणात ‘प्रार्थना करणे उचित आहे काय?’ असा एक प्रश्न आहे, आणि त्याखाली लेखक आपले मत सांगण्याआधी आक्षेप मांडतो. पहिला आक्षेप असा की, देवाला आपल्या गरजा ठाऊक असल्यामुळे मागणे अनावश्यक आहे. दुसरा असा की, देवाचे मन अविकारी असल्यामुळे मागण्याने ते वळत नाही. वाचता वाचता माझे कान तापले. जी शंका काढल्याबद्दल मी उभा राहिलो, ती साडेसातशे वर्षांपूर्वी चर्चच्याच एका संताने आपल्या ग्रंथात पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवली होती.

अक्वायनसचे उत्तर थोडक्यात सांगतो. ईश्वरी योजनेत केवळ काय घडावे एवढेच ठरलेले नसते, तर ते कोणत्या कारणांतून घडावे हेही ठरलेले असते, आणि माणसाची कृती ही त्या कारणांपैकी एक असते. त्यामुळे आपण प्रार्थना करतो ती ईश्वराचा बेत बदलण्यासाठी नव्हे, तर प्रार्थनेच्या वाटेने जे मिळायचे ठरले आहे ते मिळावे यासाठी. पीक येणारच असेल तर पेरायचे कशाला, असे शेतकरी म्हणत नाही, तसेच हे. मला हे उत्तर पूर्णपणे पटले आहे असे नाही. परंतु ते उत्तर आहे. ती कानउघाडणी नाही.

या मंचावरील जाणकारांना माझे विचारणे एवढेच आहे की, ज्या परंपरेने आक्षेपाला ग्रंथात पहिली जागा दिली, त्याच परंपरेतून आमच्या गावापर्यंत केवळ उत्तरे कशी पोहोचली? आणि श्रद्धा व बुद्धी यांचा मेळ हा तेथे खराच होता, की तोही एक रचलेला देखावा होता?

शहापूरचा मास्तर

मी ख्रिस्ती नाही आणि लॅटिन मला येत नाही. पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले, त्या बळावर लिहीत आहे. आपण वर्णन केलेली मांडणी वाचून मला पूर्वमीमांसेतील अधिकरण आठवले. विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय अशी अधिकरणाची पाच अंगे सांगतात. पूर्वपक्ष जितका दुबळा, तितका सिद्धांतही दुबळा, हे आम्हाला गुरुजींनी शिकवलेले पहिले सूत्र. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मांडता आले नसते इतके चांगले मांडून मग त्याचे खंडन करायचे, ही शिस्त दोन ठिकाणी स्वतंत्रपणे वाढली असावी, याचे मला नवल वाटत नाही; वादविवाद जेथे खरोखर समोरासमोर होत असत, तेथे ती वाढणारच. अक्वायनसच्या काळी पॅरिसच्या विद्यापीठात जाहीर वादसभा भरत असत आणि त्याचे लेखन त्या सभांच्या सवयीतून आले आहे, असे मी वाचले आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. युरोपात श्रद्धा एका बाजूला आणि बुद्धी दुसऱ्या बाजूला अशी जी रेघ ओढली जाते, ती आपल्याकडे तशी पडत नाही. मीमांसक वेदाला स्वतःप्रमाण मानतात, आणि तेच कुमारिलभट्ट जगाचा कर्ता असा ईश्वर मानायला नकार देतात. ब्रह्मसूत्रांत ‘तर्काप्रतिष्ठानात्’ असे सूत्र येते, म्हणजे नुसत्या तर्काला ठाम बैठक नसते. आणि त्यावरील शांकरभाष्यातच पूर्वपक्षी विचारतो की, तर्काला बैठक नाही हे तरी तुम्ही तर्कानेच ठरवले ना? हा पूर्वपक्षी मला फार आवडतो. वर्गात तो एखाद्या मुलाच्या तोंडून निघाला, तर मी त्याला उभे केले नसते, असे म्हणायला मला आवडेल. परंतु पस्तीस वर्षांत कधीच केले नाही, अशी शपथ घेता येणार नाही.

निपाणीकर चिकित्सक

मास्तरांविषयी आदर ठेवून आणि धागाकर्त्यांच्या प्रामाणिकपणाचे कौतुक करून माझा आक्षेप नोंदवतो. पूर्वपक्ष कितीही बळकट मांडला, तरी त्या ग्रंथात तो एकदा तरी जिंकतो का? कुस्तीच्या आखाड्यात एक पैलवान दर वेळी चीतच होणार हे आधी ठरलेले असेल, तर त्या कुस्तीला आम्ही निपाणीत वेगळे नाव देतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली या विषयावर जे परिपत्र काढले, त्याच्या आरंभी श्रद्धा आणि बुद्धी हे मानवी आत्म्याचे दोन पंख आहेत अशी उपमा आहे. उपमा सुंदर आहे. परंतु पक्ष्याने कोणत्या फांदीवर उतरायचे हे पंख उघडण्याआधीच ठरले असेल, तर दुसरा पंख शोभेचा आहे.

१६३३ साली गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले, ते कोणत्या पंखाच्या जोरावर?

पुण्याहून माघारी

मी पुण्याच्या गुरुविद्यालयात, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, काही वर्षे तत्त्वज्ञान शिकून, दीक्षा न घेता घरी परतलेला माणूस आहे. त्यामुळे दोन्हीकडून थोडा संशयित आहे. निपाणीकरांच्या प्रश्नाचे उत्तर मला टप्प्याटप्प्याने द्यावे लागेल.

आधी शब्दांविषयी. आपण मराठीत ‘श्रद्धा’ म्हटले की मनाचा ओढा किंवा भाव असा अर्थ डोळ्यांपुढे येतो आणि लगेच ‘अंधश्रद्धा’ हा जोडशब्द मागे येऊन उभा राहतो. ख्रिस्ती मराठीत या जागी बहुधा ‘विश्वास’ हा शब्द योजतात. अक्वायनसच्या लेखी विश्वास ही भावना नव्हे, तर बुद्धीचीच एक क्रिया आहे: जे सत्य बुद्धीला पुरेसे स्पष्ट दिसत नाही, त्याला ईश्वरी कृपेने प्रेरित झालेल्या इच्छाशक्तीच्या आज्ञेवरून बुद्धीने दिलेली संमती. आपण हे अमान्य करू शकता, परंतु ‘डोळे मिटणे’ असा त्याचा अर्थ नाही. त्यातही तो दोन कप्पे करतो. ईश्वर आहे, हे बुद्धीने सिद्ध करता येते, असे तो मानतो. पण ईश्वर त्रिएक आहे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच आहे, हे बुद्धीने कधीच सिद्ध होणार नाही, असेही तितक्याच ठामपणे सांगतो. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने हीच चौकट अधिकृत केली आणि तिच्या आधारे दोन्ही टोकांना नकार दिला: बुद्धीला सगळे कळते असे म्हणणाऱ्यांना, आणि बुद्धीला ईश्वराविषयी काहीच कळू शकत नाही असे म्हणणाऱ्यांनाही. दुसऱ्या नकाराची आठवण आमच्या प्रवचनांत फारशी निघत नाही.

आता पूर्वपक्ष जिंकतो का, याविषयी. त्या ग्रंथाच्या पानावर तो जिंकत नाही, हे मान्य. परंतु इतिहासात जिंकला आहे. मारिया मातेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण आपण ८ डिसेंबरला साजरा करतो. मरियेला गर्भधारणेच्या क्षणापासूनच मूळ पापाचा स्पर्श नव्हता, या मताला अक्वायनसने विरोध केला होता. तो मेल्यावर डन्स स्कोटस या फ्रान्सिस्कन पंडिताने उलट बाजू लढवली, आणि १८५४ साली चर्चने अक्वायनसच्या विरुद्ध निर्णय जाहीर केला. म्हणजे जो सगळ्यांत मोठा आचार्य म्हणून अभ्यासक्रमात नेमलेला, त्याच्याच विरोधात गेलेले मत आज आमच्या घरातली आजी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणताना उच्चारते. खुद्द अक्वायनसच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १२७७ मध्ये, पॅरिसच्या बिशपांनी २१९ विधाने निषिद्ध ठरवली आणि त्यांतली काही त्याच्या मतांना लागू पडत होती. पुढे १३२३ साली त्याला संतपद मिळाले. फांदी आधी ठरलेली असते हे म्हणणे तितके सोपे नाही. फांदीवरून पुष्कळ भांडणे झाली आहेत.

ईश्वराच्या अस्तित्वाच्या प्रश्नाखाली अक्वायनस किती आक्षेप देतो, हे पाहण्यासारखे आहे. एरवी तो बहुधा तीन-चार देतो. येथे दोनच आहेत. जगात दुष्टता असताना अनंत चांगुलपणा असलेला ईश्वर कसा असेल, हा एक. आणि जगातले सगळे निसर्गनियमांनी आणि मानवी बुद्धीने समजावता येते, तर ईश्वर मानण्याची गरजच काय, हा दुसरा. निपाणीकर, गेली आठ-दहा वर्षे या मंचावर आपण जे लिहीत आहात, ते याहून वेगळे नाही, हे हसत हसत म्हणतो.

निपाणीकर चिकित्सक

हसत हसत स्वीकारतो. मग पहिल्या आक्षेपाला त्याने दिलेले उत्तर तेवढे सांगा.

पुण्याहून माघारी

दोन-तीन वाक्यांचे आहे. ईश्वर इतका चांगला आणि समर्थ आहे की तो वाईटातूनही चांगले निर्माण करतो, असे संत ऑगस्टीनच्या आधाराने तो म्हणतो. अन्यत्र त्याने विस्ताराने लिहिले आहे, तरी या जागी ते उत्तर मला नेहमीच तोकडे वाटले. गुरुविद्यालयात असताना आठवड्यातून एकदा आम्हाला इस्पितळातील लहान मुलांच्या वॉर्डात पाठवीत. तेथे ते वाक्य खिशातून बाहेर काढायचे धाडस मला झाले नाही. आक्षेप उत्तरापेक्षा उंच उभा आहे, आणि तो तसाच छापला गेला आहे, हे मी त्या ग्रंथाच्या बाजूने धरतो.

टिळकवाडीची भौतिकी

गॅलिलिओचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि दर वर्षी हा विषय वर्गात निघतोच. ‘चर्च मूर्ख होते’ आणि ‘गॅलिलिओ उद्धट होता’ ही दोन्ही उत्तरे मला आळशीपणाची वाटतात.

कार्डिनल बेलार्मिन यांनी एप्रिल १६१५ मध्ये एका धर्मगुरूला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात ते म्हणतात की, पृथ्वी फिरते हे खरोखर सिद्ध झाले, तर बायबलमधील वचनांचा अर्थ फार काळजीपूर्वक पुन्हा लावावा लागेल आणि सिद्ध झालेली गोष्ट खोटी आहे असे म्हणण्यापेक्षा आपल्याला ते वचन कळले नाही असे म्हणावे लागेल. मात्र अशी सिद्धता कोणी दाखवलेली नाही. तर्क म्हणून यात काहीही चुकीचे नाही. गॅलिलिओने भरती-ओहोटीवरून दिलेला पुरावा चुकीचाच निघाला, आणि ताऱ्यांच्या स्थानातला तो सूक्ष्म फरक, ज्याला आपण पराशय म्हणतो, तो बेसेलने प्रत्यक्ष मोजला १८३८ साली.

परंतु मार्च १६१६ मध्ये कोपर्निकसचे पुस्तक दुरुस्ती होईपर्यंत स्थगित केले गेले आणि त्याआधी फेब्रुवारीतच गॅलिलिओला ते मत धरू नये अशी ताकीद दिली गेली. पुरावा आणा म्हणायचे, आणि पुरावा शोधणाऱ्याचे तोंड बंद करायचे! दोष बेलार्मिनच्या तर्कात नव्हता. पूर्वपक्षाला सभेतून हाकलून देण्यात होता. मास्तरांच्या भाषेत सांगायचे तर, संशय हे अंगच कापून टाकले आणि निर्णय तेवढा ठेवला. सूर्यकेंद्री मताची पुस्तके निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून पूर्णपणे गळाली ती १८३५ च्या आवृत्तीत, म्हणजे पराशय मोजला जाण्याच्या अवघी तीन वर्षे आधी. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक झाली हे जाहीरपणे मान्य केले. उशीर झाला हे उघडच आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मला याहून अधिक महत्त्वाची वाटते. विश्व प्रसरण पावत आहे, हे आइन्स्टाइनच्या समीकरणांतून १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९३१ मध्ये त्यांनी विश्वाचा आरंभ एका आद्य अणूपासून झाला असावा, अशी कल्पना मांडली. १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी एका भाषणात, विज्ञान आता निर्मितीच्या त्या आद्य क्षणाची साक्ष देत आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. कोणाही धर्मगुरूला याहून मोठी शाबासकी काय हवी? लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत भौतिकीचा आहे, धर्माच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही आणि नास्तिकालाही तो तितकाच मोकळा आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. पोपच्या बाजूने जाणारा पुरावा एका पाद्र्याने पुरावा म्हणून वापरू दिला नाही, हे मी वर्गात सांगते, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मोबाइल खाली ठेवतात.

पुण्याहून माघारी

ताईंनी फार नेमकी जागा दाखवली, आणि यालाही जुना दाखला आहे. जगाला आरंभ होता, हे अक्वायनस विश्वासाने मानतो. पण ते बुद्धीने सिद्ध होत नाही, असे तो स्पष्ट लिहितो, आणि असे सिद्ध करू पाहणाऱ्यांना इशारा देतो की, कच्चे युक्तिवाद पुढे केलेत तर अविश्वासी लोक हसतील आणि आपण याच कारणांसाठी विश्वास ठेवतो असे समजतील. त्याच्याही आठशे वर्षे आधी ऑगस्टीनने तारे आणि ग्रह यांविषयी बायबलचा हवाला देऊन काहीबाही बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांना जवळपास याच शब्दांत खडसावले होते. लमेत्र यांनी १९५१ मध्ये जे केले, ते या परंपरेविरुद्ध केलेले बंड नव्हते. ते परंपरेला तिचीच शिस्त आठवून देणे होते.

चिक्कोडी नाका

इतके वाचल्यावर असे वाटते की श्रद्धा आणि बुद्धी यांचाही सीमाप्रश्न आहे आणि तोही एखाद्या आयोगाकडे द्यावा. महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालासारखे दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे त्याचे पारायण करता येईल. थट्टा सोडा. चर्चा उत्तम चालली आहे.

निपाणीकर चिकित्सक

ताईंचे आणि माघारींचे म्हणणे मी मान्य करतो. माझी पैलवानाची उपमा अंशतः मागे घेतो. पण ग्रंथांतून खाली या. चमत्कारांचे काय? मदर तेरेसांच्या धन्यपदासाठी जो चमत्कार ग्राह्य धरला, त्यातील बंगालच्या स्त्रीच्या पोटातली गाठ औषधोपचारांनी गेली, असे तिच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी काही डॉक्टरांनी सांगितले होते. तेथे कोणती बुद्धी चालली?

आणि धागाकर्त्यांना थेट विचारतो: आपल्या गावात पावसासाठी प्रार्थनेची मिरवणूक निघत होती की नाही?

पुण्याहून माघारी

चमत्काराविषयी आपल्या आक्षेपाला माझ्याकडे पुरे पडेल असे उत्तर नाही. रोममध्ये अशी प्रकरणे वैद्यांच्या मंडळापुढे जातात आणि सध्याच्या वैद्यकाला या बरे होण्याचे कारण सांगता येते का, एवढेच त्यांना विचारले जाते, ही रीत मला आवडते. त्या विशिष्ट प्रकरणात ती कितपत काटेकोर पाळली गेली, हा वाद रास्त आहे. येथे एक जुनी गोष्ट आठवते. १५८७ पासून संतपदाच्या प्रत्येक प्रकरणात विरुद्ध बाजू मांडण्यासाठी चर्च स्वतःच एक अधिकारी नेमत असे. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. म्हणजे पगारी पूर्वपक्षी. १९८३ च्या सुधारणांत त्याचे काम फार कमी केले गेले, आणि माझ्या मते ती सुधारणा नव्हती. मदर तेरेसांच्या प्रकरणात क्रिस्टोफर हिचन्स या कडव्या नास्तिक पत्रकाराला विरोधी साक्षीसाठी बोलावले गेले होते. परंतु पाहुणा साक्षीदार आणि ठेवलेला वकील यांत फरक आहेच.

धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न मात्र बाजूला पडतो आहे, म्हणून त्याकडे वळतो. आक्षेप खालपर्यंत का पोहोचले नाहीत? मला वाटते, याचे एक कारण भाषा आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले आणि ते राशोल येथे १६१६ मध्ये छापले गेले. ताई, हे तेच वर्ष: रोममध्ये कोपर्निकसवर बंदी आणि इकडे साष्टीत ओव्या. श्रोत्याने शंका विचारावी आणि वक्त्याने ती फेडावी, हा पुराणाचा आपल्याकडचा घाट त्यांनी उचलला. त्याच स्टीफन्स यांची कोंकणी दोतोर्नही त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापली गेली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. पुराणाची वाट आटली आणि दोतोर्नीची तेवढी टिकली, कारण ती लहान होती आणि पाठ होत होती. गोव्यातून घाट चढून इकडे आलेल्या कुटुंबांनी जे आणले, ते पाठांतर आणले. शंका लॅटिनमध्ये राहिल्या, नंतर इंग्रजीत गेल्या. माझे स्वतःचे तत्त्वज्ञानाचे सगळे शिक्षण इंग्रजीत झाले आहे, आणि ‘संमती’ हा साधा शब्द मराठीत लिहिताना मला आज दहा मिनिटे थांबावे लागले.

शहापूरचा मास्तर

माघारींचे कारण बरोबर आहे, पण पुरेसे नाही. संस्कृतचेही आमच्याकडे हेच झाले. पूर्वपक्ष पाठशाळेत राहिला आणि कीर्तनात सिद्धांत तेवढा आला. पाठांतर हा मुळात शंकेचा शत्रू नाही. मुलाला पूर्वपक्षही पाठ करायला लावला असता, तर तो त्याच्या कधी ना कधी डोक्यात शिरलाच असता.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

निपाणीकरांनी थेट विचारले आहे, म्हणून थेट सांगतो. मिरवणूक निघत असे. १९८७ साली पावसाने दडी मारली, धूळवाफेवर पेरलेले भात बोटभर येऊन पिवळे पडले, तेव्हा गावातून नदीपर्यंत प्रार्थना म्हणत सगळे गेले होते, त्यात हिंदू शेजारीही होते. त्या वेळचे फादर वयस्कर जेझुइट होते. त्यांनी देवळाच्या आवारात, विहिरीपासून थोडे दूर, पर्जन्यमापक बसवले होते. जस्ती पत्र्याचे नळकांडे, वर पितळी काठाचे नरसाळे आणि मापाला काचेची उभी नळी. रोज सकाळी मिस्सेनंतर साडेआठच्या ठोक्याला ते पायजम्याचे टोक चिखलातून वर धरून तेथे जात, नळी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचत आणि एका लांब वहीत आकडा लिहीत. मी बरेचदा नळी धरायला असे.

मिरवणुकीच्या पुढे क्रूस घेऊन तेच चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे नळी पाहिली आणि वहीत शून्य लिहिले, हे माझ्या डोळ्यांपुढे आजही स्वच्छ आहे. पुढे पाच-सहा दिवस शून्यच होते. कोणी विचारले तर ते एवढेच म्हणत की, प्रार्थना देवळात करायची आणि मोजणी नरसाळ्यापाशी. मला आता वाटते, पडवीत न मिळालेले उत्तर मी रोज सकाळी त्या नळीत पाहत होतो.

निपाणीकर चिकित्सक

फादर मला आवडले. पण दाखला मात्र आपल्या आठवणीचा आहे. वही कोठे आहे?

टिळकवाडीची भौतिकी

निपाणीकरांना अनुमोदन. सदतीस-अडतीस वर्षांपूर्वीची आठवण कागदाशिवाय मी प्रयोगवहीत चढवू देणार नाही, मग ती कितीही स्वच्छ असो.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

उत्तर द्यायला बारा दिवस लागले, त्याबद्दल क्षमा असावी. गावी गेलो होतो. सध्याच्या फादरांनी कपाट उघडून दिले. वाळवीने खालच्या दोन वह्या खाल्ल्या आहेत, पण १९८६ ते ८९ ची वही शाबूत आहे. मुलीला सोबत नेले होते, तिनेच पाने उलटली.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी शून्य आहे. तेवढे माझे खरे ठरले. पुढे पाच-सहा दिवस शून्य होते, हे मात्र चूक. तिसऱ्या दिवशी २ मिलिमीटर आहे, मग पुन्हा शून्ये आहेत. आणि जे मला मुळीच आठवत नव्हते ते असे की, ज्या दिवशी मिरवणूक निघाली त्याच दिवशीच्या सकाळच्या नोंदीत ७ मिलिमीटर लिहिलेले आहे. म्हणजे पाऊस आदल्या रात्री, मिरवणूक निघण्याआधीच पडला होता, फादरांनी तो सकाळी मोजला, वहीत लिहिला, आणि मग क्रूस घेऊन ते पुढे चालू लागले. शेऱ्याच्या रकान्यात काहीही लिहिलेले नाही.

त्या पानाचा फोटो मुलीने काढला आहे. तो उद्या येथे चढवतो.

निपाणीकर चिकित्सक

७ च्या पुढे दशांश चिन्ह आहे का, तेवढे पाहून ठेवा. जुन्या शाईत ते पुसट होते.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

मुलीनेही हेच विचारले. भिंग घेऊन पाहिले. चिन्ह नाही.